पाइनच्या सुया खाणाऱ्या या अळ्या नेमक्या कोणाच्या?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. माझ्या बागेत मुगो पाइनचे, म्हणजे झुडपासारख्या पसरणाऱ्या बुटक्या पाइनचे एक झाड आहे आणि गेल्या दहा-बारा दिवसांत त्याच्या मधल्या फांद्या झपाट्याने उघड्या पडल्या आहेत. सुरुवातीला काही सुया गवताच्या वाळक्या काडीसारख्या पिवळट होऊन मुरगळलेल्या दिसल्या, तेव्हा पाणी कमी पडले असावे असा माझा समज झाला. नंतर फांदी हातात धरून पाहिली, तर तिच्यावर वीस-पंचवीस अळ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. डोके काळेभोर, अंग राखाडी-हिरवे आणि दोन्ही बाजूंना गडद हिरवा पट्टा. माझी सावली फांदीवर पडताच सगळ्यांनी एकाच क्षणी डोके मागे झटकले आणि तशाच ताठ राहिल्या. तो प्रकार पाहून मी दचकले.

फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळ्या असतील असे समजून मी बीटी या जिवाणूजन्य कीटकनाशकाची पावडर पाण्यात कालवून दोनदा फवारली. आज सहा दिवस झाले, परंतु एकही अळी मेलेली नाही. या अळ्या कोणाच्या आहेत, औषध का लागू पडले नाही आणि मुख्य म्हणजे हे झाड वाचेल का, हे कृपया कोणी सांगाल का? झाड बारा वर्षांचे आहे आणि मी ते वीतभर रोपापासून वाढवले आहे.

टिपणवही

अंगणवेल, औषधाचा विचार करण्याआधी एक अळी काडीवर घ्या आणि तिचे पाय मोजा. छातीवर तीन जोड्या खऱ्या पायांच्या असतातच. त्यांच्या मागे पोटाखाली जे मांसल, ठेंगणे पाय असतात ते मोजायचे. फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्यांना अशा पोटपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. तुमच्या अळीला सहा किंवा अधिक जोड्या दिसल्या, तर ती सॉफ्लायची, म्हणजे करवतमाशीची अळी आहे. सूचिपर्णी झाडांवरच्या डिप्रिऑनिडी कुळातील अळ्यांना तर आठ जोड्या असतात. भिंग असेल तर डोळेही पाहा. पतंगाच्या अळीला डोक्याच्या प्रत्येक बाजूला बारीक डोळ्यांचा पुंजका असतो, करवतमाशीच्या अळीला मात्र प्रत्येक बाजूला एकच ठळक, काळा ठिपक्यासारखा डोळा असतो.

नावात माशी असली तरी ती माशी नव्हे. तिला चार पंख असतात आणि गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या यांच्याच हायमेनॉप्टेरा गणात ती मोडते, फक्त गांधीलमाशीसारखी बारीक कंबर तिला नसते. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याचा जो अवयव असतो, त्याला करवतीसारखे दाते असतात. त्याने ती सुईची कड चिरते आणि त्या चिरेत अंडे ठेवते. ती नांगी मारत नाही.

आडरान

वर्णनावरून ही निओडिप्रिऑन सर्टिफर, म्हणजे युरोपीय पाइन सॉफ्लाय दिसते. मुगो आणि स्कॉट्स पाइन ही तिची आवडती झाडे. सावलीसरशी एकदम डोके झटकणे ही तर तिच्या थव्याची ओळखच म्हणावी लागेल.

अंगणवेल

टिपणवही, आत्ताच मोजून आले. तिसऱ्या प्रयत्नात अळी स्थिर राहिली. पोटाखाली आठ जोड्या आहेत. काडीने डिवचल्यावर तिने तोंडाशी पिवळसर, चिकट थेंब आणला आणि तो काडीला पुसला. त्याला अगदी राळेचा वास येत होता.

टिपणवही

तो थेंब राळेचाच आहे. सुया खाताना त्यातील राळ ही अळी पचवत नाही. आतड्याच्या पुढच्या भागाला जोडलेल्या दोन पिशव्यांत ती साठवून ठेवते आणि मुंगी किंवा कोळी अंगावर आला की तोंडावाटे थेंब काढून त्याला माखते. थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये याच जातीवर हे दाखवून दिले. झाड ज्या राळेने स्वतःचे रक्षण करते, तीच राळ अळीने आपली ढाल केलेली आहे. मला या कुळात रस वाटू लागला तो या एका गोष्टीपासून.

आता बीटीचे. बागकामासाठी जी सर्वसाधारण बीटी मिळते ती बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा कुर्स्टाकी हा प्रकार असते. त्या जिवाणूचे प्रथिन पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यात सक्रिय होऊन तेथील पेशींना चिकटते आणि त्या फोडते. करवतमाशीच्या आतड्यावर त्याचा तसा परिणाम होत नाही. पावडर खराब नव्हती आणि तुमची फवारणीही चुकली नव्हती. शत्रूच वेगळा होता.

सावली

मी वेगळे मत मांडते. काहीही करू नका. ही जात वर्षातून एकच पिढी काढते, वसंतात सुया खाते आणि उन्हाळा सुरू होता होता जमिनीवर उतरते. तोवर झाडाच्या नव्या कळ्या उलगडू लागतात. निसर्गात याचा बंदोबस्त करणारे पुष्कळ आहेत, त्यांना काम करू द्यावे. आपण औषध मारतो तेव्हा सर्वांत आधी तेच मरतात.

जुना वनरक्षक

सावली, या एका जातीपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे, परंतु ते सर्व करवतमाश्यांना लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाइनच्या लागवडीत मी अनेक वर्षे काम केले आणि त्यातून एक सवय लागली. किती अळ्या आहेत हे पाहण्याआधी त्या कोणत्या सुया खात आहेत हे मी पाहतो.

सर्टिफरची अंडी सुईच्या आत हिवाळा काढतात आणि अळ्या वसंताच्या सुरुवातीला बाहेर येतात. त्या वेळी यंदाची कोवळी पालवी निघालेली नसते, म्हणून त्या गेल्या वर्षीच्या व त्याआधीच्या जुन्या सुया खातात. अळ्या उतरून गेल्यावर नवी पालवी शाबूत राहते. फांदी मध्ये उघडी आणि टोकाला हिरवा झुपका, असे बाटली धुण्याच्या ब्रशच्या उलट रूप दिसते. झाडाची वाढ त्या वर्षी खुंटते, परंतु तेवढ्यावरून झाड सहसा मरत नाही.

डिप्रिऑन पिनी ही युरोपातील दुसरी जात तशी नाही. उबदार भागांत तिच्या वर्षाला दोन पिढ्या होतात आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या अळ्या जुन्या सुयांबरोबर यंदाच्या सुयाही फस्त करतात. पाइनने पुढच्या वर्षासाठी जे हिरवे राखलेले असते तेच गेले, तर झाडाकडे उरते काय? अशी झाडे दुर्बळ होतात, मग खोड पोखरणारे भुंगेरे त्यांच्यावर येतात, आणि दोष मात्र भुंगेऱ्यांना दिला जातो.

म्हणून अंगणवेल, फांद्यांची टोके पाहून सांगा. मेणबत्तीसारखे उभे नवे कोंब निरोगी आहेत का?

अंगणवेल

होय, काका. सगळे कोंब उभे आहेत आणि एकालाही दात लागलेला नाही.

जुना वनरक्षक

मग जिवाची भीती नाही. तरीही एवढ्याशा झुडपावर अळ्या राहू देण्याचे कारण नाही. मोठ्या जंगलातील झाड आणि बारा वर्षांचे लाडके झुडूप यांना एकच न्याय लावता येत नाही, आणि लागोपाठ दोन-तीन वर्षे असे झाले तर फांद्या मरू लागतात. या अळ्या घोळक्याने राहतात हे आपल्या सोयीचे आहे. साबणाच्या पाण्याची बादली फांदीखाली धरा आणि फांदी जोरात झटका किंवा हातमोजा घालून घोळका ओरबाडून पाण्यात टाका. सकाळच्या गारव्यात त्या सुस्त असतात. एक घोळका सुटला तर काही बिघडत नाही.

शंकासुर

घोळक्यावरून एक प्रश्न पडला. एवढ्या जणींनी एकत्र बसून पक्ष्यांच्या नजरेत भरण्यापेक्षा विखुरलेले बरे नव्हे का? सगळ्या मिळून डोके झटकतात हे ठीक आहे, परंतु पोटभर खाणे तर एकटीलाही जमेल.

टिपणवही

नेमके तेच एकटीला जमत नाही, निदान पहिल्या दिवसांत. नुकती बाहेर आलेली अळी दोन-तीन मिलिमीटरची असते आणि पाइनची सुई बाहेरून कडक, मेणचट असते. पुष्कळ अळ्यांना तिचा कठीण पृष्ठभाग फोडताच येत नाही आणि त्या उपाशी मरतात. एखादीने एकदा चीर पाडली की तेथून येणाऱ्या वासाने इतर जणी जमतात आणि त्याच जागी खायला सुरुवात करतात. जॅक पाइनवरच्या करवतमाशीवर झालेल्या 1960 च्या एका अभ्यासात हे फार बारकाईने नोंदवलेले आहे. घोळका जितका मोठा, तितकी कोणातरी एकीला सुई फोडता येण्याची शक्यता अधिक.

अंगणवेल यांना सुरुवातीला ज्या वाळक्या काडीसारख्या सुया दिसल्या त्यांचा उलगडाही यातच आहे. लहान अळ्यांना संपूर्ण सुई चावता येत नाही. त्या बाहेरचा मऊ भाग कुरतडतात आणि मधली शीर तशीच सोडतात. ती शीर वाळून पिवळी पडते आणि मुरगळते. मोठ्या झाल्यावर त्याच अळ्या सुई टोकापासून बुडापर्यंत संपवतात. अशा मुरगळलेल्या सुया दिसल्या की अळ्या अजून लहान आहेत असे समजावे, आणि काढायच्या असतील तर तीच वेळ.

सावली

मी माझे विधान थोडे सुधारते. झुडपावरून हाताने काढण्याला माझा विरोध नाही, विरोध फवारणीला आहे.

कोंभ

नर आणि मादी याबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. करवतमाश्यांतही मधमाश्यांसारखेच असते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. म्हणजे मादीला जोडीदार मिळाला नाही तरी तिची अंडी वाया जात नाहीत, फक्त सगळे नर जन्माला येतात. नराच्या मिशा पिसासारख्या दुहेरी दातेरी असतात आणि मादीचा गंध तो लांबून ओळखतो. या गंधद्रव्याची रचना 1976 मध्ये उलगडली आणि आता त्याचे सापळे लावून जंगलात नरांची संख्या मोजता येते.

आडरान

कोंभ, सर्वसाधारण नियम तुम्ही बरोबर सांगितला, परंतु त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो या विषयाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडावर जगणारी गिल्पिनिया हर्सिनी ही युरोपीय जात. तिच्या अफलित अंड्यांतून माद्याच जन्मतात आणि नर अतिशय विरळ असतात. एकच मादी नव्या खंडावर पोचली तरी वसाहत उभी राहू शकते.

आणि तशी ती राहिलीही. कॅनडातील क्युबेक प्रांतात गॅस्पे द्वीपकल्पावर 1930 मध्ये तिचा मोठा उद्रेक लक्षात आला. पुढच्या काही वर्षांत तिने हजारो चौरस किलोमीटरवरील स्प्रूसची जंगले सुकवली. स्थानिक शत्रू पुरेसे नव्हते, म्हणून युरोपातून परोपजीवी गांधीलमाश्या मोठ्या प्रमाणावर आणून सोडल्या गेल्या. त्यांपैकी काही रुजल्या. पण खरे काम केले ते कोणी मुद्दाम न आणलेल्या एका विषाणूने. त्या परोपजीवींच्या सामग्रीबरोबर तो नकळत आला असावा असे मानले जाते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अळ्या रोगाने मरताना दिसू लागल्या, आणि काही वर्षांत उद्रेक कोसळला तो कोसळलाच. त्यानंतर विषाणू आणि परोपजीवी यांनी मिळून तिची संख्या खाली ठेवली आहे.

मला या घटनेचे महत्त्व फार वाटते. जंगलातील एवढ्या मोठ्या किडीला विषाणू रोखू शकतो हे माणसाने योजून शोधले नाही. लक्ष देऊन पाहणाऱ्यांना ते दिसले.

शंकासुर

आडरान, विषाणू सोडणे हे रासायनिक औषधापेक्षा अधिक धोक्याचे नाही का? तो दुसऱ्या कीटकांना किंवा आपल्याला लागला तर?

आडरान

रास्त शंका. करवतमाश्यांचे हे विषाणू, म्हणजे बॅक्युलोव्हायरस, फार निवडक असतात. बहुधा एकच जात किंवा तिचे अगदी जवळचे भाईबंद त्यांना बळी पडतात आणि माणसाला, पक्ष्यांना, मधमाश्यांना ते बाधत नाहीत. पतंगांमधील असे विषाणू साऱ्या शरीरभर पसरतात, परंतु करवतमाश्यांमध्ये ते फक्त मधल्या आतड्याच्या पेशींत वाढतात. आजारी अळीच्या विष्ठेतून विषाणू सुयांवर पडतो आणि खेटून बसलेली पुढची अळी तीच सुई खाते. मघाशी टिपणवही यांनी घोळक्याचा फायदा सांगितला, त्याची किंमत ही आहे. एकीला लागण झाली की सारा घोळका जातो. अळ्या मागच्या पायांनी सुईला लटकलेल्या, तपकिरी आणि लिबलिबीत दिसल्या की समजावे. संक्रमित अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतूनही तो दूरवर पसरतो.

अंगणवेल यांच्या बागेतील सर्टिफरवरचा विषाणू 1950 च्या सुमारास स्वीडनमधून कॅनडात नेऊन वापरला गेला. बाल्सम फरवरच्या करवतमाशीसाठीचे विषाणूजन्य उत्पादन कॅनडात 2006 मध्ये नोंदणीकृत झाले. न्यूफाउंडलंडमधील दीर्घ उद्रेकावर त्याचे प्रयोग झाले होते.

लार्चप्रेमी

माझ्याकडील लार्च गेल्या वर्षी करवतमाशीने पूर्ण बोडका केला. वरच्या चर्चेप्रमाणे नव्या-जुन्या सगळ्या सुया गेल्या म्हणजे झाड मरायला हवे होते, परंतु यंदा ते पुन्हा हिरवे झाले. हे कसे?

जुना वनरक्षक

कारण लार्च हा सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. दर हिवाळ्याआधी तो सगळ्या सुया स्वतःच गाळतो आणि नव्या सुयांसाठी अन्न खोडात व मुळांत साठवून ठेवतो. पाइनची पुंजी जुन्या सुयांतही असते, म्हणून त्याला त्या गेल्याचा फटका अधिक बसतो. परंतु लार्चचेही लागोपाठ बरीच वर्षे असे झाले, तर फांद्या वाळतात आणि शेवटी झाड जाते. यंदा कोवळे कोंब एका बाजूला वाकलेले दिसतात का पाहा. लार्चची करवतमाशी वाढत्या कोंबात अंडी घालते, त्या बाजूची वाढ थांबते आणि कोंब वाकतो. अळ्या दिसण्याआधी मिळणारी ती खूण आहे.

टिपणवही

लार्चचा विषय निघाला म्हणून चिचुंद्रीची आठवण झाली. लार्च करवतमाशीचे कोश जमिनीवरच्या पाचोळ्यात असतात आणि न्यूफाउंडलंड बेटावर ते खाणारी चिचुंद्री नव्हती. म्हणून 1958 मध्ये मुख्य भूमीवरून सोरेक्स सिनेरियस या जातीच्या थोड्या चिचुंद्र्या तेथे नेऊन सोडण्यात आल्या आणि त्या बेटभर पसरल्या.

त्याच सुमारास सी. एस. हॉलिंग या शास्त्रज्ञाने कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या पाइन लागवडीत सर्टिफरच्या कोशांवर काम केले. चिचुंद्र्या आणि डियर माउस हे उंदीर कोश फोडून आतली अळी खातात, आणि प्रत्येक जातीची कोश फोडण्याची तऱ्हा निराळी असते. त्यामुळे फुटका कोश पाहून तो कोणी खाल्ला हे ठरवता येई. भक्ष्य वाढले की एकेक भक्षक किती अधिक खातो आणि भक्षकांची संख्या किती वाढते, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या करून दाखवल्या. 1959 चा त्याचा तो निबंध आजही परिसरशास्त्रात पायाभूत मानला जातो.

सावली

मी याच गोष्टी सांगत होते. पाचोळा झाडून स्वच्छ करू नका. फक्त चिचुंद्री बेटावर नेऊन सोडण्याचे मी समर्थन करणार नाही. ती केवळ कोश खाऊन थांबत नाही, तेथील इतर किड्यांवरही तिचा ताव चालतोच.

कोंभ

आडरान, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. स्प्रूसच्या जातीबद्दल मला माहीत नव्हते.

ज्यांना हाताने काढणे शक्य नाही त्यांच्यासाठी: कीटकनाशक साबण थेट अळीच्या अंगावर पडला तरच चालतो. निंबोळीतील अझाडिरेक्टिन लहान अळ्यांवर चालते. स्पिनोसॅडही लागू पडते, परंतु ओले असताना ते मधमाश्यांना घातक असते, तेव्हा आजूबाजूला फुले असतील तर वापरू नये.

अंगणवेल

पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे. जुना वनरक्षक यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस सकाळी फांद्या झटकल्या. बहुतेक घोळके बादलीत पडले, तीन उंच फांद्यांवरचे राहिले. त्यांपैकी एका घोळक्यातील अळ्या काही दिवसांनी सुस्त झाल्या, तपकिरी पडल्या आणि सुयांना लटकून राहिल्या. मी आडरान यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि ती फांदी तशीच ठेवली.

नव्या कोंबांच्या सुया आता उलगडल्या आहेत. झाड मध्ये विरळ दिसते, कडेने गर्द हिरवे. काल पाचोळा हाताने बाजूला करून पाहिले तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा लहान, तपकिरी, चामड्यासारखे अकरा कोश मिळाले. दोन फाडलेले होते आणि आत काही नव्हते. बाकीचे बंद आहेत. ते काढून टाकावेत की राहू द्यावेत?

टिपणवही

फाडलेले दोन उंदराने किंवा चिचुंद्रीने खाल्लेले असणार. बंद असलेल्यांपैकी चार-पाच जाळीच्या बरणीत ठेवा आणि शरद ऋतूपर्यंत वाट पाहा. करवतमाशी बाहेर पडताना कोशाच्या टोकाचे गोल झाकण कापते. परोपजीवी बाहेर पडला तर त्याहून लहान भोक राहते. आणि काहींतून यंदा काहीच बाहेर येणार नाही, कारण आतली अळी कधी कधी एकाहून अधिक वर्षे निद्रिस्त राहते. तेव्हा रिकामी वाटणारी बरणी लगेच टाकू नका.

जुना वनरक्षक

उरलेले पाचोळ्यात परत ठेवा, सावली यांचे म्हणणे तेथे मला पटते. पाने गळून गेल्यावर एकदा यंदाच्या सुया उजेडाकडे धरून पाहा. सुईच्या कडेला फिकट पिवळ्या ठिपक्यांची सारख्या अंतरावरची रांग दिसली, तर ती अंडी आहेत. एका सुईत सहा-आठ आणि जवळजवळच्या दहा-बारा सुयांत मिळून एका मादीची बहुतेक अंडी असतात. तेवढ्या सुया चिमटीने तोडल्या की पुढच्या वसंतातील तो घोळका संपला.

अंगणवेल

बरणी व्हरांड्यात ठेवली आहे आणि तिच्यावर आजची तारीख लिहिली आहे. सुया पाहून पुन्हा येथेच लिहीन.